ढगातला चकवा

"आता डोळे मिट आणि विमान सरळ ठेव," असं प्रशिक्षकांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, यात काय एवढं! चार सीटांचं सेस्ना, खाली कॅलिफोर्नियातल्या वाळलेल्या टेकड्या, आभाळ निरभ्र. मी डोळे मिटले आणि योक हलकंच धरून बसलो. अर्ध्याएक मिनिटानं त्यांनी विचारलं, "सरळ चाललोय?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. "मग उघड डोळे." उघडले तर डावा पंख जमिनीकडे झुकलेला, नाक खाली गेलेलं आणि वेगाचा काटा चढत चाललेला. मला मात्र खुर्चीत बसल्यासारखं स्थिर वाटत होतं. भीती वाटली नाही, अपमान झाल्यासारखं वाटलं.

माझी आजी राजापूरकडची. तिच्या गोष्टींत चकवा हमखास यायचा. रात्री ओळखीच्या रानातून घरी निघालेला माणूस चालत राहतो, चालत राहतो आणि पहाटे त्याच आंब्याखाली सापडतो. आपण सरळ चाललोय याबद्दल त्याला तिळमात्र शंका नसते, यातच चकव्याची सगळी ताकद. आजीकडे उपायही होता: चकवा लागलाय असं वाटलं तर आहेस तिथेच बस, उजाडेपर्यंत हलू नकोस.

विमानात तेवढं एक करता येत नाही.

माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. म्हणजे हौसेखातर उडायचं, मित्रांना फिरवायचं, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. या परवान्याची मुख्य अट अशी, की बाहेरचं दिसत असेल तरच उडायचं. ढगात शिरायचं असेल तर वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी परीक्षा. तिला 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग' म्हणतात. अमेरिकेत त्यासाठी निदान ४० तास केवळ उपकरणांकडे बघून उडवावं लागतं, शिवाय कप्तान म्हणून ५० तास लांब पल्ल्याचं उड्डाण. खर्च म्हणाल तर एक बऱ्यापैकी सेकंडहँड गाडी येईल. वर्षाकाठी चाळीसपन्नास तास उडणाऱ्या माझ्यासारख्या माणसानं हे करावं का, हा आमच्या क्लबातला न संपणारा वाद आहे. मी या वादाच्या इतिहासात शिरलो, कारण मला निर्णय टाळायचा होता. वाचन हा निर्णय टाळण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग आहे.

इतिहासाची सुरुवात माझ्या घरापासून तासाभरावर सापडली. सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन गेट पुलाजवळ क्रिसी फील्ड नावाचं मैदान आहे. आज तिथे लोक कुत्री फिरवतात आणि पुलासोबत सेल्फी काढतात. १९२६ मध्ये तो लष्करी विमानतळ होता. विल्यम ओकर नावाचे पंचेचाळिशी ओलांडलेले, मुरलेले लष्करी वैमानिक तिथे वैद्यकीय तपासणीसाठी आले. डॉ. डेव्हिड मायर्स यांनी त्यांना एका फिरत्या खुर्चीत बसवलं. ही बारानी खुर्ची. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवरच्या कामाबद्दल १९१४ चं नोबेल मिळालेल्या रॉबर्ट बारानींच्या नावावरून तिचं नाव पडलं. ओकर यांनी डोळे मिटले, खुर्ची फिरू लागली. कुठल्या बाजूला फिरतोय, ते त्यांनी बरोबर सांगितलं. खुर्ची थोडी मंदावली, ते म्हणाले थांबली. खुर्ची खरोखर थांबली, ते म्हणाले आता उलटी फिरतेय. डोळे उघडले तेव्हा ती जागेवर होती.

हे कुणालाही होतं. फुगडी घालून थांबल्यावर जग उलटं फिरतं, तोच प्रकार. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नळी लगेच वळते, पण द्रव मागे राहतो, आणि त्या फरकातून मेंदूला वळण कळतं. मात्र वळणं त्याच वेगानं चालू राहिलं तर वीसेक सेकंदांत द्रवही नळीच्या वेगानं फिरू लागतो. फरक संपला, वळण संपलं! निदान मेंदूच्या दृष्टीनं. आणि वळणाची सुरुवातच पुरेशी हळू झाली असेल तर तीही कळत नाही. जमिनीवर यानं फारसं बिघडत नाही, कारण डोळे चूक दुरुस्त करतात. ढगात डोळ्यांना पांढऱ्या कापसाशिवाय काही दिसत नाही.

त्यात विमानाची स्वतःची एक लबाडी आहे. नीट घेतलेल्या वळणात विमान तिरकं असलं तरी शरीर सीटमध्ये सरळ खालीच दाबलं जातं. कपातला चहा हिंदकळत नाही. म्हणजे ज्याला जुने वैमानिक अभिमानानं 'बुडाखालचं ज्ञान' म्हणत, ते बूडही कानाच्याच कटात सामील असतं. पंख हळूहळू झुकतो, नाक खाली येतं, वेग वाढतो, उंची घटते. वैमानिकाला फक्त घटणारी उंची कळते, म्हणून तो योक मागे ओढतो. पंख झुकलेले असल्यानं त्या ओढण्यानं विमान वर जात नाही, वळण आणखी आवळलं जातं. मग वेग अजून वाढतो, तो अजून ओढतो. याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ 'स्मशानाचा भोवरा'. यात वैमानिक झोपलेला किंवा दारू प्यालेला नसतो. तो प्रामाणिकपणे, जिवाच्या आकांतानं विमान वाचवत असतो.

ओकर त्या दिवशी परीक्षेत नापास झाले आणि ते त्यांना सहन झालं नाही. ते एक खोका घेऊन परतले. खोक्यात एक छोटा दिवा आणि स्पेरी कंपनीचा वळणदर्शक काटा. या काट्याचा जीव म्हणजे आत गरगरणारा जायरो, म्हणजे शेवटी आपला भोवराच: फिरत असेपर्यंत तो आपली दिशा सहजासहजी सोडत नाही. खोक्याला तोंड लावून बाहेरचं काही न बघता, फक्त काटा बघत ओकर पुन्हा खुर्चीत बसले. आता प्रत्येक उत्तर बरोबर. कान अजूनही खोटंच बोलत होते; ओकर यांनी त्यांचं ऐकणं बंद केलं, एवढंच.

मला या सगळ्या इतिहासात हा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. उपकरण नवं नव्हतं. वळणदर्शक काटा पहिल्या महायुद्धाच्या शेवटापासून उपलब्ध होता, पण तो बसवलेले वैमानिकही ढगात मरत होते. काटा 'वळतोयस' म्हणायचा, अंग 'नाही' म्हणायचं आणि माणूस अंगावर विश्वास ठेवायचा. ओकर आणि त्यांचे सहकारी कार्ल क्रेन यांनी ताडलं, की कमतरता यंत्राची नसून शिक्षणाची आहे. आधी माणसाला खुर्चीत बसवून त्याची खात्री मोडायची, मग काटा द्यायचा. त्यांनी डोळ्यांवर टोपी घातलेली कबुतरंही विमानातून सोडून पाहिली. न बघता पक्ष्यांनाही उडता येत नाही. कबुतरं पंख पसरून तशीच तरंगत खाली आली. (हे पंख पसरून खाली येणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) १९३० मध्ये ओकर यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून टेक्सासहून इलिनॉयपर्यंत सुमारे ९०० मैलांचं उड्डाण केलं, १९३२ मध्ये दोघांनी मिळून या विषयावर पुस्तक लिहिलं. लष्करानं बराच काळ हे सगळं थंडपणे घेतलं. धाडस हाच ज्या पेशाचा दागिना, तिथे 'तुम्हाला जे जाणवतंय ते चूक आहे' हे ऐकून घ्यायला कोण तयार होणार?

प्रसिद्धी मात्र दुसऱ्याला मिळाली, आणि तीही रास्तच होती. २४ सप्टेंबर १९२९, न्यूयॉर्कजवळचं मिचेल फील्ड. जिमी डूलिटल नावाचा लष्करी वैमानिक, ज्यानं एमआयटीतून विमानशास्त्रात डॉक्टरेट घेतली होती, मागच्या कॉकपिटमध्ये कापडी छपराखाली बंद होऊन बसला. पुढच्या कॉकपिटमध्ये बेन केल्सी, केवळ सुरक्षेसाठी. डूलिटलसमोर स्पेरीचं कृत्रिम क्षितिज, जायरोवरचा दिशादर्शक, पॉल कोल्समन यांचा नवा, काही फुटांचाही फरक दाखवणारा उंचीमापक आणि जमिनीवरून येणारा रेडिओ संकेत. केल्सी हात वर करून बसले, म्हणजे खालून बघणाऱ्यांना दिसावं की ते कशालाही हात लावत नाहीत. उड्डाण, वळसा आणि उतरणं, सगळं मिळून १५ मिनिटं. उतरणं जरा गचाळ झालं असं डूलिटलनं पुढे स्वतःच कबूल केलं. कुठल्याही पहिल्या डेमोत एक बग दिसतोच.

पण प्रयोगशाळेत जमलं म्हणजे रोजच्या कामात आलं असं नसतं, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही सांगायला नको. तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला टपाल घेऊन उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं म्हणून टपालसेवा तेवढे महिने पुण्याला हलायची. आणि तरी पश्चिम घाटावरच्या पावसातून ते टपाल वेळेवर पोहोचत असे, याची तारीफ तेव्हाच्या सरकारी अहवालात आहे. मुंबई-पुणे रस्त्यानं जुलैत ज्यांनी खंडाळ्याचा ढग पाहिलाय, त्यांनी या वाक्यावर क्षणभर थांबावं.

अमेरिकेतही फार वेगळं नव्हतं. फेब्रुवारी १९३४ मध्ये रूझवेल्ट सरकारनं खासगी कंपन्यांची टपालाची कंत्राटं रद्द करून ते काम लष्कराच्या हवाईदलाला दिलं. ऐन हिवाळा होता आणि उपकरणांवर उडण्याचा सराव फार थोड्या वैमानिकांना होता. काही आठवड्यांत डझनभर जण मेले. त्या धक्क्यानं लष्कराला एडविन लिंक नावाच्या माणसाचा पत्ता सापडला. लिंकच्या वडिलांचा पियानो आणि थिएटरातले ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्यानं ऑर्गनचे भाते वापरून जमिनीवरच हलणारं, झुकणारं एक खेळण्याएवढं विमान बनवलं होतं. आपल्या पेटीला असतो तसलाच भाता, त्यावर बसलेलं कॉकपिट, वर झाकण. तोवर त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं ते जत्रेच्या मैदानांवर. आता लष्करानं सहा नग घेतले आणि पुढच्या महायुद्धातले असंख्य वैमानिक त्या डब्यात बसून शिकले. ओकरची खुर्ची माणसाची खात्री मोडायची. लिंकचा डबा त्या जागी सवय बसवायचा.

इथवर गोष्ट लष्कराची आणि टपालाची आहे. ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी शिकायला हवं, यात वाद नाही. हौशी वैमानिकाचं काय? महायुद्धानंतर अमेरिकेत छोटी विमानं स्वस्त झाली, हजारो लोक उडू लागले आणि ढगात शिरून मरू लागले. त्यांच्यासाठी इलिनॉय विद्यापीठानं १९५४ मध्ये एक प्रयोग केला. ढगात उडण्याचा शून्य अनुभव असलेले २० जण घेतले, त्यांना बीचक्राफ्ट बोनान्झा विमानात बसवून बाहेरचं दिसणं बंद केलं आणि घड्याळ लावलं. विसांपैकी १९ जण स्मशानाच्या भोवऱ्यात गेले, एकानं नाक वर ओढून विमान कोसळण्याच्या बेताला आणलं. एकही सुटला नाही. सगळ्यात लवकर विमान हाताबाहेर गेलं ते २० सेकंदांत, सगळ्यात उशिरा ४८० सेकंदांत. सरासरी १७८ सेकंद.

हा आकडा आजही उड्डाण शाळांच्या भिंतींवर आहे. तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. मॅगी शिजायला लागतात त्याच्या आसपास. नमुना केवळ विसाचा, सरासरीनं लपवलेला फरक चोवीसपट, असं माझ्यातला इंजिनियर कुरकुरतो. पण विसातले वीस म्हणजे निकाल पुरेसा स्पष्ट आहे.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तो प्रयोग लोकांना घाबरवण्यासाठी नव्हता. संशोधकांना असा कमीत कमी अभ्यासक्रम शोधायचा होता, ज्यानं चुकून ढगात शिरलेला साधा हौशी माणूस तोंड वळवून जिवंत बाहेर येईल. आणि त्यांना तो सापडला! चाकं खाली सोडा, म्हणजे वेग आवरला जाईल. इंजिनाची शक्ती कमी करून ठरावीक जागी ठेवा. आणि मग योकवरचे दोन्ही हात काढून घ्या. विमान मुळात स्थिर राहण्यासाठीच बनवलेलं असतं. त्याला बिघडवणारे असतात ते घाबरलेले हात. दिशा फक्त पायांनी, वळणदर्शकाचा काटा बघत, हळूहळू उलटी करा. त्या कबुतरांसारखं. थोड्या तासांच्या या शिकवणीनंतर त्याच लोकांनी ६० पैकी ५९ वेळा विमान सुखरूप वळवून आणलं.

भीतीचा आकडा पोस्टरवर गेला, उपाय अहवालात राहिला. आज अमेरिकेत खासगी परवान्यासाठी तीन तास उपकरणांवरचं उड्डाण सक्तीचं आहे. माझं डोळे मिटणं त्यातलंच. पण 'हात सोड' असं मला कुणी शिकवलं नाही. मी ते वाचून शिकलो, आणि वाचून शिकलेलं पोहणं विहिरीत किती कामी येतं हे सांगायला नको.

मग आमच्या क्लबातल्या शंकेखोरांचा मुद्दा येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, ज्याला येत नाही तो ढग बघून घरी बसतो. ज्याला थोडं येतं तो निघतो.

३ फेब्रुवारी १९५९, आयोवा राज्य, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास. बडी हॉली हा गायक आणि त्याचे दोन साथीदार गायक पुढच्या गावच्या कार्यक्रमासाठी एका छोट्या विमानातून निघाले. विमान पुन्हा बोनान्झाच. वैमानिक रॉजर पीटरसन २१ वर्षांचा, ७००हून जास्त तासांचा अनुभव. त्यानं उपकरणांवर उडण्याचं ५२ तास शिक्षण घेतलं होतं, लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला होता, आणि प्रत्यक्ष उड्डाणाच्या परीक्षेत जेमतेम वर्षभरापूर्वी नापास झाला होता. रात्र काळीकुट्ट, हलका बर्फ, खाली दिवे नसलेली शेतं. हवामानाचे ताजे इशारे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. त्यात विमानातलं कृत्रिम क्षितिज जुन्या पद्धतीचं होतं: तो ज्यावर शिकला त्याच्या नेमकं उलट, नाक वर की खाली ते दाखवणारं. विमान काही मैलांवर शेतात आदळलं. अमेरिकेत त्या दिवसाला संगीत मेलं तो दिवस म्हणतात. मला त्यात तो २१ वर्षांचा मुलगा जास्त दिसतो. ५२ तास शिकलेला, म्हणजे मी आहे त्याच्या कितीतरी पुढे.

चाळीस वर्षांनी, १६ जुलै १९९९ ला, जॉन एफ. केनेडी ज्युनियर स्वतःचं पायपर साराटोगा उडवत न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाला. बरोबर पत्नी आणि मेहुणी. सुमारे ३०० तासांचा अनुभव; इन्स्ट्रुमेंट रेटिंगची लेखी परीक्षा झालेली, २५ पैकी १२ धडे पुरे झालेले. एका प्रशिक्षकानं बरोबर येऊ का म्हणून विचारलं होतं, त्यावर हे आपल्याला एकट्यालाच करायचंय असं उत्तर मिळालं. कायद्यानं पाहिलं तर त्या रात्री ढग नव्हते, उडायला मनाई नव्हती. होती ती काळोखी रात्र, धूसर हवा आणि खाली समुद्र: पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते न दिसणारा. विमान भोवऱ्यात फिरत समुद्रात गेलं. चौकशी अहवालानं कारण दिलं दिशाभान हरपणं. आजी असती तर तिनं एका शब्दात सांगितलं असतं.

म्हणजे अर्धवट शिक्षण वाईट, पुरं केलं की झालं? २६ जानेवारी २०२० ला कोबी ब्रायंट आणि त्याच्या मुलीसह नऊ जण ज्या हेलिकॉप्टरमध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलाबासासच्या टेकड्यांवर गेले, त्याच्या वैमानिकाकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग होतं आणि हजारो तासांचा अनुभव होता. पण त्यांच्या कंपनीला फक्त बाहेरचं बघून उडण्याची परवानगी होती. ढगात शिरल्यावर त्यांनी नियंत्रकाला कळवलं, की आपण ४,००० फुटांकडे चढतोय. हेलिकॉप्टर तेव्हा डावीकडे वळत खाली येत होतं. कागदावरचं कौशल्य आणि त्या सकाळी हातात असलेलं कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमही तसंच म्हणतात: अमेरिकेत दर सहा महिन्यांत उपकरणांवर उतरण्याचे सहा सराव झाले नसतील, तर रेटिंग असूनही ढगात जायची मुभा नाही. आणि ते सहा सराव म्हणजेही नुसता काठ. भाषा बोलली नाही तर गंजते, हे परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

एवढं वाचून मला वाटलं, मुद्दा साधा आहे: शरीराचं ऐकू नका, काट्याचं ऐका. मग मला माझ्याच देशातली गोष्ट आठवली.

१ जानेवारी १९७८, मुंबई. रात्री पावणेनऊच्या सुमारास एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईसाठी उडालं. हवा स्वच्छ होती. किनारा ओलांडला की पुढे काळा अरबी समुद्र, क्षितिज नाही. विमानानं उजवीकडे छोटं वळण घेतलं आणि ते पुन्हा सरळ झालं, पण अतिशय अनुभवी कप्तानासमोरचं कृत्रिम क्षितिज उजव्या झुकावावरच अडकून राहिलं. त्यांना ओकर यांच्या वारसदारांनी शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. काट्यावर विश्वास ठेवला. झुकलेलं दिसणारं विमान सरळ करायला त्यांनी डावीकडे कल दिला, आणि देतच राहिले. सहवैमानिकासमोर दुसरं क्षितिज होतं, मधोमध तिसरं, राखीव. शेवटच्या क्षणांत फ्लाइट इंजिनियर कप्तानाला त्या बिघडलेल्या उपकरणावर जाऊ नका म्हणून सांगू पाहत होता. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात पडलं. २१३ जण गेले. अमेरिकेत विमान आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला चालला. १९८५ मध्ये न्यायालयानं त्यांना जबाबदार धरलं नाही.

ज्यांनी कधी सर्व्हर सांभाळलेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. डॅशबोर्ड हिरवा असतो, कारण मोजणारा प्रोग्रामच मेलेला असतो. तीन यंत्रं तीन उत्तरं देत असतील तर कुणाचं खरं मानायचं, यावर आम्ही तासन्‌तास चर्चा करतो, कॉफी पीत. तिथे कप्तानाजवळ काही सेकंद होते.

म्हणून नीट दिलेल्या प्रशिक्षणात 'काट्याचं ऐक' हा फक्त पहिला धडा असतो. पुढचे सगळे धडे एका काट्याला दुसऱ्याच्या साक्षीनं तपासण्याचे. क्षितिज म्हणतंय उजवीकडे झुकलोय. मग दिशादर्शक का हलत नाही? वळणदर्शक मधोमध का? नजर सतत फिरती ठेवायची, कुठल्याही एका तबकडीवर खिळू द्यायची नाही. प्रशिक्षक मुद्दाम एखाद्या उपकरणावर कागद चिकटवतात आणि उरलेल्यांवर विमान चालवायला लावतात. हे पुस्तकातून कळतं, पण घाम फुटलेला असताना, कान 'तू उलटा झालायस' असं ओरडत असताना करता येणं ही हाताची गोष्ट आहे, आणि तिला तासच लागतात.

माझं मत आता असं झालंय. शंकेखोरांची भीती खरी आहे, पण त्यांचा निष्कर्ष चुकीचा. 'येत नाही म्हणून घरी बसतो' हा माणूस कल्पनेतला आहे. इलिनॉयचे संशोधक ज्यांच्यासाठी राबले ते कुणी ढगात शिरायचं ठरवून निघाले नव्हते. केनेडीनंही ढगात जायचं ठरवलं नव्हतं. चकवा लागायला रानात जायचा बेत असावा लागत नाही, घरी परतायची घाई पुरते. तेव्हा शिकावं. पण रेटिंगचं कार्ड खिशात आलं म्हणून ढगांकडे परवान्याच्या नजरेनं बघू नये, आणि दर महिन्याला सरावाला वेळ काढणं जमणार नसेल तर आपण ते कार्ड कधी घेतलंच नव्हतं असं समजून निरभ्र दिवशीच उडावं. पैसे वाया गेले का? नाहीत. ते काही तास अंगात राहतात, आणि निदान 'हात सोड' एवढं तरी आठवतं. ज्याला संपूर्ण खर्च झेपत नाही, त्यानं प्रशिक्षकाकडून तेवढंच मागून घ्यावं: पाचसहा तास, झाकलेले डोळे आणि उलटं फिरून बाहेर येणं. कार्ड नाही, शेरा नाही. १९५४ सालचा अभ्यासक्रम अजून चालतो. फक्त हल्लीच्या बऱ्याच छोट्या विमानांची चाकं कायम खालीच असतात, तेव्हा एक पायरी वाचते.

मी स्वतः पूर्ण कोर्सला नाव घातलंय. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता तू ढगातही जाणार?" मी म्हटलं, "नाही गं, ढगातून परत कसं यायचं ते शिकणार." तिला पटलं नाही. "मग जायचंच कशाला?" हाच प्रश्न क्लबातली मंडळी गेली कित्येक वर्षं इंग्रजीत विचारताहेत.

पहिला धडा गेल्या शनिवारी सकाळी आठला होता. साडेसातला विमानतळावर पोहोचलो तेव्हा धुकं अगदी धावपट्टीवर टेकलं होतं, पलीकडचं हँगरही दिसत नव्हतं. प्रशिक्षक कॉफीचा कप घेऊन दारात उभे होते. धुक्यात उडायलाच तर शिकायचंय, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, धुक्याकडे बघितलं आणि धडा पुढच्या शनिवारवर ढकलला. इंजिन एकच, आणि उडाल्या उडाल्या ते बंद पडलं तर उतरायला परत इथेच यावं लागेल, म्हणाले. संध्याकाळी आईचा फोन आला. तिला म्हटलं, रद्द झालं.

"का?"

"धुकं होतं."

ती हसली की नाही ते कळलं नाही. "बरं झालं," म्हणाली, "जेवलास का?"